खो-खोच्या मैदानावरील एक चरित्र : सारिका काळे
(वरच्या प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठ-टिपण)

१. प्रास्ताविक

प्राथमिक शाळेत चरित्रे शिकविताना आपण बहुधा संत, वीर, समाजसुधारक व शास्त्रज्ञ यांची निवड करतो. ही निवड योग्यच आहे. परंतु या थोर व्यक्तींचा काळ मुलांपासून दूरचा असतो. मुले ती चरित्रे आदराने ऐकतात, पाठही करतात. तथापि ‘आपल्याही हातून असे काही घडू शकेल’ असा विश्वास त्यांच्या मनात उत्पन्न होतोच असे नाही. याकरिता मधूनमधून अशा व्यक्तीचे चरित्र सांगावे, की जी मुलांच्याच काळात, त्यांच्या मुलखाच्या शेजारी आणि त्यांच्यासारख्याच घरात वाढली आहे.

भारतीय महिला खो-खो संघाच्या माजी कर्णधार व अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका सुधाकर काळे यांचे चरित्र या दृष्टीने उपयुक्त आहे. त्यांचा जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनचा धाराशिव. आपल्या जामखेड तालुक्यातील खर्ड्याच्या पलीकडे गेले की त्या जिल्ह्याचा भूम तालुका लागतो. पाऊसमान, जमीन, शेतकऱ्यांची व मजुरांची स्थिती या सर्व बाबतींत तो प्रदेश आपल्या जामखेड, कर्जत, पाथर्डी या तालुक्यांचाच सख्खा भाऊ होय. त्यामुळे हे चरित्र मुलांना परके वाटणार नाही.

या पाठाचे हेतू तीन आहेत. पहिला, खो-खो या आपल्या देशी खेळाची नियमबद्ध ओळख करून देणे. दुसरा, एका खेळाडूच्या जीवनक्रमावरून चिकाटी व संघभावना या गुणांची जाणीव करून देणे. तिसरा हेतू शिक्षकांपुरता आहे. खेळात गती असलेली मुलगी खेळ कशामुळे सोडते आणि तिला मैदानावर टिकविण्यासाठी शाळेस काय करता येते, याचा विचार व्हावा, हा तो हेतू होय.

२. खेळाची ओळख

खो-खोचे मैदान सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. त्याच्या मधोमध एक अरुंद पट्टा आखलेला असून त्याच्या दोन्ही टोकांस लाकडी खांब रोवलेले असतात. खांबांची जमिनीवरील उंची १२० ते १२५ सेंटिमीटर असते व दोन खांबांत सुमारे २४ मीटरांचे अंतर असते. मधल्या पट्ट्यावर आठ चौकोन असतात. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ खेळाडू या चौकोनांत बसतात. शेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. नववा खेळाडू उभा राहून पाठलाग सुरू करतो.

दुसऱ्या संघाचे खेळाडू तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. त्यांना मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या खेळाडूंच्या मधून, हवे तसे धावण्याची मुभा असते. पाठलाग करणाऱ्यास मात्र ही मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय ती बदलावयाची नाही, आणि मधला पट्टा तर ओलांडावयाचाच नाही. पळणारा गडी पट्ट्याच्या पलीकडे गेला, की पाठलाग करणाऱ्याने तिकडे तोंड करून बसलेल्या आपल्या सहकाऱ्याच्या मागे जाऊन, त्याच्या पाठीस हात लावून, मोठ्याने ‘खो’ म्हणावयाचे व त्याच्या जागी स्वतः बसावयाचे. बसलेल्या खेळाडूने ‘खो’ मिळण्यापूर्वी उठता कामा नये. मोठ्या गटात एक पाळी ९ मिनिटांची व लहान वयाच्या गटांत ७ मिनिटांची असते. प्रत्येक संघास दोन वेळा पाठलाग व दोन वेळा संरक्षण करावे लागते.

या नियमांतच या खेळाचे शिक्षण साठविलेले आहे, हे शिक्षकांनी मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. पुष्कळ खेळांत चेंडू ज्याच्या हाती तो खेळाडू महत्त्वाचा ठरतो. खो-खोमध्ये आपल्या हातून गडी सापडणार नाही हे ज्याला योग्य क्षणी उमगते व जो आपली धाव दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, तो उत्तम खेळाडू समजला जातो. हटवादाने एकट्यानेच धावत राहणारा आपली पाळी व्यर्थ घालवितो. तसेच बसलेल्या खेळाडूचे बसणे हे रिकामे बसणे नव्हे. त्याची नजर पळणाऱ्यावर, कान सहकाऱ्याच्या आवाजाकडे व पाय उठण्याच्या तयारीत असावे लागतात.

३. खेळाचा थोडका इतिहास

हा खेळ महाराष्ट्रात फार पूर्वीपासून खेळला जात असला, तरी त्यास नियमांची शिस्त विसाव्या शतकात लाभली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने व बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने या कामी पुढाकार घेतला. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुरुषांची पहिली अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली व पुढील वर्षी कोल्हापूर येथे स्त्रियांच्या स्पर्धेस प्रारंभ झाला. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा प्रथम १९९६ मध्ये कोलकाता येथे भरली. २०१६ मध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळास प्रथम स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. पुरुषांच्या संघानेही नेपाळलाच हरवून विश्वचषक जिंकला.

४. सारिका काळे : बालपण व खेळाचा प्रारंभ

सारिका काळे यांच्या घरची स्थिती अत्यंत ओढग्रस्त होती. शारीरिक व्यंगामुळे वडिलांची कमाई मर्यादित होती. आई शिवणकाम व इतर घरकामे करून संसारास हातभार लावी. घराचा मुख्य आधार आजी-आजोबांच्या मिळकतीचा होता. सुमारे दहा वर्षे आपणांस दिवसातून एकच वेळ जेवण मिळत असे, असे पुढे २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी स्वतःच वृत्तपत्रांना सांगितले. सरावासाठी शिबिरास गेल्यावर मात्र जेवणाची निराळी सोय होत असे.

हे विधान वर्गात वाचून दाखविताना शिक्षकांनी तेथे क्षणभर थांबावे. खो-खो हा सर्वस्वी धावण्याचा खेळ आहे. नऊ मिनिटांच्या पाळीत अखंड पळणे, अचानक वळणे, खांबास वळसा घालणे, जमिनीवर सूर मारणे यांसाठी जे बळ लागते, ते अन्नातूनच येते. वाढत्या वयाच्या मुलीने अर्धपोटी राहून हे बळ कसे मिळविले असेल, याची कल्पना मुलांना करू द्यावी. त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही. आपल्या वर्गातही सकाळी उपाशी येणारी मुले असतात. त्यांना न बोलताही पुष्कळ काही कळेल.

घरातील एका वडीलधाऱ्या नातलगाने त्यांना उस्मानाबादच्या मैदानावर नेले, तेव्हा त्यांचे वय तेरा वर्षांच्या आसपास होते. खेळाची गोडी लागली ती तेथेच. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. घरात दारिद्र्य होते. परंतु घरच्यांनी त्यांना परगावच्या सामन्यांस जाण्यापासून कधी अडविले नाही. मुलगी मोठी झाली, आता मैदान पुरे, असे जेथे सहज बोलले जाते, तेथे या पाठिंब्याचे मोल फार मोठे आहे. पैसा नसलेल्या घरानेही मुलीस देता येईल अशी ही देणगी आहे, आणि ती पालकसभेत आवर्जून सांगण्याजोगी आहे.

५. सन २०१६ : पदक आणि पेचप्रसंग

फेब्रुवारी २०१६ मध्ये आसामातील गुवाहाटी व मेघालयातील शिलाँग या शहरी बारावी दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा भरली. सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या व त्या संघाने सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी इंदूर येथे झालेल्या तिसऱ्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही भारतीय महिला विजयी ठरल्या.

सामान्यतः चरित्राची गोष्ट येथे संपते. पदक मिळाले, मुलगी नावारूपास आली, असे म्हणून आपण पुस्तक मिटतो. परंतु खरी हकीकत निराळी आहे. ज्या वर्षी हे पदक मिळाले, त्याच वर्षी घरच्या आर्थिक विवंचनेने सारिका काळे इतक्या खचल्या, की त्यांनी खेळ सोडून देण्याचे ठरविले. त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते. ही गोष्ट त्यांच्या आजीने प्रशिक्षकांना कळविली. प्रशिक्षकांनी त्यांची समजूत घातली, धीर दिला, आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. त्यांच्या जीवनाला येथेच कलाटणी मिळाली, असे प्रशिक्षकांनी नंतर सांगितले.

या प्रसंगाचा शिक्षकांनी बारकाईने विचार करावा. देशाच्या संघाची कर्णधार असलेल्या खेळाडूवर ही वेळ आली, मग तालुक्याच्या स्पर्धेत धावणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीची कथा काय सांगावी? ती काही खोलीचे दार लावून घेणार नाही. ती केवळ एक दिवस सरावास येणार नाही, नंतर दुसरा दिवस येणार नाही, आणि महिन्याने तिचे नाव संघाच्या यादीतून आपोआप गळेल. सारिका काळे यांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या. घरातील एका वृद्ध स्त्रीने मुलीचे दुःख ओळखून ते योग्य माणसाच्या कानी घातले, आणि त्या माणसाने ऐकून लगेच तिची भेट घेतली. या दोहोंपैकी एक जरी घडले नसते, तरी पुढील इतिहास लिहिला गेला नसता.

६. पुढील वाटचाल

२०१९ मध्ये सारिका काळे यांना शासकीय नोकरी मिळाली व संसाराची घडी बसली. २०२० मध्ये त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहत होत्या. त्याच वर्षी २९ ऑगस्ट या राष्ट्रीय क्रीडादिनी त्यांना अर्जुन पुरस्कार प्रदान करण्यात आला. साथीच्या रोगामुळे तो समारंभ दूरदृश्य प्रणालीद्वारे झाला होता. १९९८ नंतर खो-खोच्या खेळाडूस हा मान प्रथमच मिळत होता. मधली बावीस वर्षे हा खेळ खेड्यापाड्यांत खेळला जातच होता; परंतु देशाचे लक्ष त्याकडे नव्हते. ग्रामीण भागातील खेळाडूचे यश, ते कितीही मोठे असले तरी, लोकांना उशिरा कळते, असे सारिका काळे यांनी त्या वेळी म्हटले होते. तो अनुभवाचा बोल होता.

खेळाडूंसाठी महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. खेळ हा अभ्यासाचा शत्रू आहे असे मानणाऱ्या पालकांना ही माहिती द्यावी. मात्र, ‘खेळलीस तर नोकरी मिळेल’ असे आमिष मुलांना दाखवू नये. नोकरी थोड्यांनाच मिळते. खेळापासून लाभणारे आरोग्य, धीटपणा व सहकार्याची सवय ही सर्वांनाच मिळते.

७. इतर देशांतील उदाहरण

मुलींच्या शाळांतून वाढलेला खेळ किती मोठा होऊ शकतो, हे पाहावयाचे असल्यास नेटबॉलचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बास्केटबॉलपासून इंग्लंडमध्ये हा खेळ तयार झाला. त्यात प्रत्येक बाजूस सात खेळाडू असतात. चेंडू आपटत पळता येत नाही. तो तीन सेकंदांच्या आत दुसऱ्याकडे द्यावा लागतो. खो-खोप्रमाणेच येथेही एकटीच्या कर्तबगारीस नियमांनीच आळा घातलेला आहे. शिक्षिकांनी हा खेळ शाळाशाळांतून नेला व तो ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका आदी देशांत रुजला. १९६३ मध्ये इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली व ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील संघांची एकत्र व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. त्यायोगे खेळणे हेच निर्वाहाचे साधन करणे तेथील काही स्त्रियांना शक्य झाले. भारताचा नेटबॉल संघही २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत उतरला होता.

आपल्याकडे २०२२ मध्ये पुणे येथे खो-खोची पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली, ती पुरुषांची होती. ज्या खेळात आपल्या मुलींनी देशाला पदके मिळवून दिली, त्या खेळात निर्वाहाचा मार्ग प्रथम पुरुषांसाठी उघडला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. हा प्रश्न सोडविणे प्राथमिक शाळेच्या हाती नाही. परंतु मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या वाढविणे हे पूर्णपणे तिच्याच हाती आहे, आणि नेटबॉलची वाढ तेथूनच झाली.

८. आपल्या शाळांत काय करता येईल

(अ) मैदान. खो-खोस चेंडू, जाळी किंवा महागडे साहित्य लागत नाही. दोन खांब, दोरी व चुन्याची फक्की एवढ्यावर भागते. जागा अपुरी असल्यास लहान मैदान आखावे. खडे वेचून जमीन साफ करावी व शक्य तेथे पाणी शिंपडून ती बसवावी. गुडघे फुटण्याच्या भीतीनेच पुष्कळ मुली खेळापासून दूर राहतात. जेथे पिण्याच्या पाण्याचीच टंचाई आहे, तेथे हे शिंपण सोडून द्यावे. मात्र खडे वेचण्यास पाणी लागत नाही.

(आ) वेळ. मुलींना शाळा सुटल्यावर पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, जनावरांकडे पाहणे ही कामे असतात. सराव शाळेच्या वेळेतच ठेवावा. सायंकाळचा सराव हा व्यवहारात मुलग्यांचाच सराव ठरतो.

(इ) आहार. शालेय पोषण आहार झाल्याबरोबर मुलांना धावावयास लावू नये, व उपाशी मुलांकडूनही श्रम करवून घेऊ नयेत. सकाळी काही खाल्ले आहे किंवा नाही, हे सर्वांसमक्ष न विचारता एकेकीस बाजूला घेऊन विचारावे.

(ई) स्थलांतर. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड आदी भागांतून ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परततात. त्यांची मुले पायांनी चपळ असतात. परंतु स्पर्धांच्या दिवसांत ती शाळेत नसतात. मूल गावीच नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकत असेल, तर पालकांचे मन वळविताना अभ्यासाबरोबर खेळाचेही कारण सांगावे. ‘तुमच्या मुलीवाचून संघ अपुरा राहील’ हे वाक्य आईबापांना अनेकदा परीक्षेच्या गुणांपेक्षा लवकर पटते.

(उ) गैरहजेरीची विचारपूस. सरावास सलग तीन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी शिक्षकाने जावे. कारण विचारताना ठपका ठेवण्याचा सूर नसावा. घरात आजी असल्यास तिच्याशी बोलावे. मुलीच्या मनातील गोष्ट बहुधा तिला ठाऊक असते.

सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरच्या मिस फरार यांच्या संस्थेत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. मुलींना पाटी-पेन्सिल देण्याचे काम त्या पिढीने केले. त्याच मुलींना मैदानही मिळवून देणे हे आपले काम आहे.

९. पाठाची मांडणी

पहिली तासिका (वर्गात). सारिका काळे यांची हकीकत साध्या भाषेत, घटनाक्रमाने सांगावी. फळ्यावर २०१६, २०१९ व २०२० ही वर्षे लिहून त्यांपुढे एकेक घटना मुलांकडून लिहवून घ्यावी. भारताच्या नकाशावर धाराशिव, गुवाहाटी, शिलाँग, इंदूर व दिल्ली ही ठिकाणे दाखवावीत.

दुसरी तासिका (मैदानावर). मुलांच्या गटांकडून दोरीने मैदान मोजून आखून घ्यावे. त्यातून गणिताचा अभ्यास साधावा. २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदानाचे क्षेत्रफळ ४३२ चौरस मीटर व परिमिती ८६ मीटर येते, हे मुलांनी स्वतः काढावे.

तिसरी तासिका (मैदानावर). प्रथम केवळ ‘खो’ देण्याचा व उठण्याचा सराव घ्यावा. नंतर चार चार मिनिटांच्या पाळ्या खेळवाव्यात. ज्यांना कोणी संघात घेत नाही अशा मुलांना शेवटी न ठेवता आरंभीच चौकोनांत बसवावे. खेळ संपल्यावर सर्वाधिक गडी बाद करणाऱ्याबरोबरच योग्य वेळी ‘खो’ देणाऱ्याचेही नाव घ्यावे.

१०. स्वाध्याय

१. पाठलाग करणाऱ्या खेळाडूवर कोणती बंधने असतात? पळणाऱ्यावर ती का नसतात?
२. बसलेला खेळाडू ‘खो’ मिळण्यापूर्वी उठला तर खेळाचे काय होईल?
३. सारिका काळे यांच्या घरातील कोणाकोणाचा त्यांना आधार झाला? प्रत्येकाविषयी एक वाक्य लिहा.
४. सुवर्णपदक मिळाल्यानंतरही त्यांना खेळ सोडावासा का वाटला?
५. एका सामन्यात ९ मिनिटांच्या चार पाळ्या झाल्या, तर खेळ एकूण किती मिनिटे चालला?
६. तुमच्या आईला किंवा आजीला विचारा : त्या लहानपणी कोणता खेळ खेळत होत्या? तो त्यांनी कोणत्या वयात सोडला, आणि का? उत्तर चार-पाच ओळींत लिहून आणा.

सहाव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ती स्वतः वाचावीत व जपून ठेवावीत. आपल्या गावातील मुली कोणत्या वयात व कोणत्या कारणाने मैदान सोडतात, याचा सर्वांत विश्वसनीय आलेख त्यांतूनच हाती येईल, आणि पुढील वर्षीच्या संघाची तयारी कोठून सुरू करावयाची हेही त्यावरून ठरविता येईल.